निंदणी कागदांची : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात विद्यापीठाच्या अभिलेखागारातल्या नोकरीबद्दल मी दोन पानं लिहिली होती. खानदेशाबाहेरच्या एका विद्यापीठात मी २८ वर्षं अभिलेखपाल होते. आता निवृत्त होऊन अमळनेरला, माझ्या माणसांत परत आले आहे. त्या लेखावर चाळीसगावपासून नवापूरपर्यंतची पत्रं आली. त्यातली सहा इथे घेते. काहींनी नाव छापू नका म्हणून कळवलं होतं, म्हणून सगळ्यांचीच फक्त गावं देते.

बाई, मी इतिहासात एम.ए. करतो आहे. घरचे विचारतात, अभिलेखपाल म्हणजे ग्रंथपालच ना? मला नीट सांगता येत नाही. दिवसभर काम काय असतं, आणि हे शिकायचं कुठे? — एक विद्यार्थी, शिरपूर

घरच्यांना असं सांग. ग्रंथालयातलं पुस्तक हरवलं तर दुसरी प्रत मिळते. अभिलेखागारातला कागद हरवला तर त्या गोष्टीचा पुरावाच जगातून जातो. पुस्तक विषयाप्रमाणे मांडतात, कागद विषयाप्रमाणे मांडायचा नसतो. तो ज्या कचेरीत, ज्या कामातून जन्मला, त्या घरच्या कागदांसोबतच तो राहिला पाहिजे. परीक्षा विभागाचे कागद परीक्षा विभागाचे, वसतिगृहाचे वसतिगृहाचे. आणि त्या घरात ते ज्या क्रमाने लावले होते तोच क्रम ठेवायचा. १८९८ साली हॉलंडमधल्या म्युलर, फाइट आणि फ्राउन या तिघा अभिलेखपालांनी शंभर नियमांचं एक पुस्तक लिहिलं. त्याचा गाभा हाच आहे आणि आजही जगभर काम त्यावरच चालतं.

हा नियम मी पुस्तकात वाचला होता, पण मला तो पटला एका चुकीनंतर. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे लाल रुमालात बांधलेला एक गठ्ठा आला. आत अर्ज, तारा, टिपण्या, पावत्या असं सगळं एकात एक होतं. मला तो पसारा वाटला. मी दोन दिवस बसून अर्ज एकीकडे, तारा एकीकडे, पावत्या एकीकडे अशा तारखेवार लावल्या. महिन्याभराने एक संशोधक आले आणि म्हणाले, ही तार कोणत्या अर्जाला उत्तर म्हणून आली होती? तारेवर तसं काहीच लिहिलेलं नव्हतं. ज्या कारकुनाने ती त्या अर्जाला लावून ठेवली होती, त्याने ते नातं क्रमातून लिहिलं होतं. ते मी पुसलं होतं. ते परत कधीच जुळलं नाही.

दिवसभराचं काम म्हणशील तर सकाळी आधी कोठारातली उष्णता आणि दमटपणा यांची नोंद. मग विभागांकडून आलेले गठ्ठे हस्तांतरणाच्या यादीशी ताडून घेणं, गठ्ठ्यांचं वर्णन लिहिणं. कोणाचे कागद, कोणत्या वर्षांतले, किती, कशाबद्दल, कोणत्या अवस्थेत आणि कोणाला पाहता येतील, एवढं तरी हवंच. दुपारी वाचक येतात, पदवीच्या पडताळण्या येतात, जमिनीच्या वादातला वकील येतो, आजोबांचं नाव शोधणारी नात येते. कायद्याने विद्यापीठाच्या अभिलेखांचा ताबा कुलसचिवांकडे असतो. अभिलेखपाल त्यांच्या वतीने तो सांभाळतो. पण सांभाळणं म्हणजे कुलुपाची किल्ली कमरेला लावणं नव्हे. विद्यापीठाला अडचणीचा असलेला कागदही, नियमात बसत असेल तर, मागणाऱ्याला काढून द्यायचा असतो. एकदा एका वरिष्ठांनी मला जुन्या इतिवृत्तातलं एक पान ‘दुरुस्त करायला’ मागितलं. मी नाही म्हटलं. ठराव चुकला असेल तर नवा ठराव करून तो बदलावा, जुनं पान जसं आहे तसंच राहील. पुढचे काही महिने मला सोपे गेले नाहीत. पण तू या कामात येणार असशील तर हा प्रसंग तुझ्यावरही येईल, हे आधीच माहीत असू दे.

शिकायचं म्हणशील तर नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संस्थेत अभिलेख व्यवस्थापनाचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे, शिवाय थोड्या आठवड्यांचे वर्गही असतात. हे अभिलेखागार १८९१ साली कोलकात्यात सुरू झालं आणि पुढे दिल्लीला आलं. आपल्याकडे राज्याच्या पुराभिलेख संचालनालयातर्फे मोडीचे वर्ग भरतात, ते चुकवू नकोस. मोडी येत नसेल तर खानदेशातल्या जुन्या दप्तरांपुढे तू निरक्षर आहेस. जागा फार निघत नाहीत, हे तुझ्यापासून लपवत नाही. अनेक विद्यापीठांत हे पदच नाही, रेकॉर्ड रूमला एक शिपाई आणि एक लिपिक असतो. तरीही मुंबईला आणि पुण्याला जाऊन दप्तरखाने बघून ये. मुंबईचा १८२१ सालचा आहे. पुण्यात पेशवे दप्तर आहे. एखादा रुमाल सोडून बघ. त्या वासाने तुला ओढलं तर तू आमचा.

ताई, आमचं कॉलेज जुनं आहे. पुढच्या वर्षी तपासणी समिती येणार म्हणून तीन खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या आहेत. सगळीकडे गठ्ठेच गठ्ठे. रद्दीवाला किलोने घ्यायला तयार आहे. काय ठेवायचं आणि काय घालवायचं? — कॉलेजचे भाऊसाहेब, एरंडोल तालुका

भाऊसाहेब, रद्दीवाल्याला आधी परत पाठवा. मग पुढचं वाचा.

आपल्या कचेऱ्यांत या कामाला निंदणीकरण म्हणतात. हा शब्द कोणी काढला मला माहीत नाही, पण तो शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाने काढला असावा. लहानपणी मी चोपडा तालुक्यात आईबरोबर कपाशीच्या निंदणीला जायची. पहिल्या दिवशी मी सपासप विळा चालवला तेव्हा माय ओरडली, “आधी पान वयख, मंग हात घाल.” लव्हाळा, हराळी, केना उपटून बांधावर टाकायचं. पण त्याच वाफ्यात घोळ आणि तांदुळजा असायचा. कपाशीच्या दृष्टीने तेही तणच. माय ते खुडून ओच्यात ठेवायची आणि संध्याकाळी त्याची भाजी व्हायची.

तुमच्या तीन खोल्यांत हे तिन्ही आहे. कपाशी आहे, लव्हाळा आहे आणि घोळीची भाजीही आहे.

कपाशी सरळ ओळखू येते. जनरल रजिस्टर, निकालाची लेजरं, संस्थेच्या आणि कॉलेजच्या सभांची इतिवृत्तं, विद्यापीठाच्या संलग्नतेची पत्रं, जमिनीचे आणि इमारतीचे कागद, नकाशे, सेवापुस्तकं, वार्षिक ताळेबंद. सरकारी कचेऱ्यांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ म्हणजे कायमचे, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ त्याहून कमी वर्षं, ‘ड’ वर्षभर. वरचं सगळं ‘अ’ मध्ये जातं. त्यात तुमच्या कॉलेजचा वार्षिकांक घाला, त्याच्या प्रत्येक वर्षाच्या दोन प्रती तरी हव्यात. स्नेहसंमेलनाचे फोटो घाला, आणि फोटोच्या मागे सौम्य पेन्सिलने नावं लिहून घ्या. जे निवृत्त प्राध्यापक अजून आहेत त्यांना बोलावून चहा पाजा आणि नावं विचारा. हे काम पाच वर्षांनी होणार नाही.

लव्हाळाही ओळखू येतो. एकाच परिपत्रकाच्या चाळीस प्रती, कोरे छापील अर्ज, हिशेब तपासणी पूर्ण होऊन मुदत संपलेल्या किरकोळ पावत्या. पण इथेही तीन गोष्टी तपासा. लेखापरीक्षणाचा आक्षेप शिल्लक आहे का? न्यायालयात काही चालू आहे का? कोणी माहिती अधिकारात तो कागद मागितला आहे का? तिन्हीपैकी एकाचंही उत्तर होय असेल तर गठ्ठ्याला हात लावायचा नाही.

आता घोळीची भाजी. याच्यासाठी मी एवढी लांबण लावली. माझ्या विद्यापीठात निंदणीकरणासाठी एक गठ्ठा आला होता, वर लिहिलं होतं ‘किरकोळ अर्ज, फी माफी, १९७२-७३’. वर्गवारीप्रमाणे त्याची मुदत केव्हाच संपली होती. मी सवयीने वरचे चार अर्ज वाचले. दुष्काळाचं वर्ष होतं. एका मुलाने लिहिलं होतं की वडील आणि आई दोघं दुष्काळी कामावर खडी फोडतात, आठवड्याचा पगार उशिरा होतो, तोवर फीसाठी थांबावं. दुसऱ्याने बैल विकल्याचा आकडा लिहिला होता. एका मुलीने फक्त दोन ओळी लिहिल्या होत्या आणि खाली वडिलांचा अंगठा होता. त्या वर्षीच्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात दुष्काळावर एक परिच्छेद आहे. त्या गठ्ठ्यात दुष्काळ स्वतः होता.

मी तो गठ्ठा नियम मोडून लपवून ठेवला नाही. तसं केलं असतं तर पुढचा अभिलेखपाल त्याच न्यायाने आपल्याला नको ते लपवून जाळू शकला असता. मी समितीला टिपणी लिहिली की १९७२-७३ चे सगळे अर्ज कायम ठेवावेत, बाकीच्या वर्षांतला दर विसावा अर्ज नमुना म्हणून ठेवावा, उरलेले नष्ट करावेत. ती मंजूर झाली. यालाच आमच्या कामात मूल्यमापन म्हणतात आणि मला विचाराल तर अभिलेखपालाचं खरं कसब इथेच आहे. राखणारे पुष्कळ असतात, काय जाऊ द्यायचं आणि का, हे लिहून ठेवून त्याखाली सही करणारं कोणीतरी लागतं.

म्हणून तुमच्याकडेही एक समिती करा. प्राचार्य, इतिहासाचे एक प्राध्यापक, हिशेबाचे एक जण आणि तुम्ही. तुमच्या विद्यापीठाचा आणि संस्थेचा मुदतीचा तक्ता समोर ठेवा. जे नष्ट करायचं त्याची गठ्ठेवार यादी करा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि ती यादी मात्र कायमची ठेवा. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे अभिलेखांची सूची ठेवणं हे तसंही कॉलेजचं कर्तव्य आहे. आणि नष्ट करायचं म्हणजे फाडून, तुकडे करून. मुलांचे गुण, जातीचे दाखले, घरचं उत्पन्न लिहिलेले कागद किलोने विकायचे नसतात. ज्या पोरीच्या बापाचा अंगठा त्या अर्जावर आहे, तिच्या घरची गोष्ट बाजारात पुडी बांधायला जाता कामा नये.

खोल्या तर रिकाम्या व्हायलाच हव्यात, तुमची अडचण मला कळते. मग एक खोली मागून घ्या. पत्र्याखालची देऊ नका म्हणावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो, पत्र्याखाली तर कागद पापडासारखा होतो आणि घडीवर तुटतो. तळमजल्यावरची, पश्चिमेचं ऊन न येणारी, ज्या भिंतीत पाण्याचा नळ नाही अशी खोली. लोखंडी मांडण्या भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच. टाचण्या काढा, त्या गंजून कागदाला भोक पाडतात. गठ्ठ्याला मांजरपाटाचं कापड वापरा, पण आधी धुऊन त्याची खळ काढा, कारण खळ हे कसरीचं आवडतं खाणं आहे. लाल रुमाल दिसतो छान, पण ओला झाला तर रंग कागदावर उतरतो. कडुनिंबाचा पाला कपाटात ठेवायचा तर पुरचुंडीत ठेवा, पानांच्या मध्ये नको, डाग पडतात.

सगळं स्कॅन केलं की मूळ कागद ठेवायची गरज काय? — एक संगणक शिक्षक, भुसावळ

सर, स्कॅन ही कागदाची सावली आहे. सही बनावट आहे की खरी, शाई दोन वेळची आहे का, पान मागाहून घातलं आहे का, हे मूळ कागदच सांगतो. स्कॅन जरूर करा, त्याने कागद सारखा हाताळावा लागत नाही. मजकुराला ३०० डीपीआय, फोटोला ६००. मूळ प्रत टिफमध्ये, लोकांना द्यायला जेपेग. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या गावात. दरवर्षी उघडून बघा. माझ्या कपाटात पंधरा वर्षांपूर्वीच्या सीडी होत्या, त्यांतल्या कितीतरी वाचल्याच गेल्या नाहीत. त्याच कपाटातली १९५० च्या दशकातली वही मात्र उघडली आणि वाचली.

आणि फाइलचं नाव ‘स्कॅन ००१’ असं ठेवू नका. नावावरून गठ्ठा कळला पाहिजे.

माझी आई १९८४ साली नंदुरबारच्या कॉलेजातून बी.ए. झाली. आमच्या घरातली ती पहिली. घर पडलं तेव्हा तिचं पदवी प्रमाणपत्र गेलं. जळगावच्या विद्यापीठात चौकशी केली तर तिथे नोंद नाही म्हणाले. तिची नोंद खरंच कुठेच नसेल का? तिच्या मैत्रिणींचे गुणही मिळाले तर तिला आवडेल. — एक शिक्षिका, नवापूर

बाई, नोंद आहे. फक्त तुम्ही विचारलं ते दार वेगळं होतं, आणि जळगावचे लोक बरोबर बोलले.

खानदेशातल्या कॉलेजांचा कागद तीन घरी वाटला गेला आहे. जळगावचं मूळजी जेठा आणि अमळनेरचं प्रताप ही कॉलेजं १९४५ ची. तेव्हा ती मुंबई विद्यापीठाखाली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ झालं आणि पूर्व व पश्चिम खानदेश तिकडे गेला. मग १५ ऑगस्ट १९९० ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे. तुमच्या आईची पदवी १९८४ ची, म्हणजे ती पुणे विद्यापीठाची. आज त्याचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. दुय्यम पदवी प्रमाणपत्रासाठी तिथे अर्ज करा.

अर्ज करण्याआधी नंदुरबारच्या कॉलेजात जाऊन जनरल रजिस्टरमधला आईचा उतारा घ्या. त्यात तिचं माहेरचं नाव असेल आणि निकालाच्या लेजरातही तेच असेल. सासरच्या नावाने शोधलं तर जगातला कोणताही अभिलेखपाल हात वर करील. परीक्षेचा महिना, वर्ष आणि आसन क्रमांक मिळाला तर काम फार सोपं होतं. आईला विचारा, अनेक बायकांना आसन क्रमांक पाठ असतो. माझ्या खिडकीशी साठीतल्या बायकांनी तो एका दमात सांगितलेला मी ऐकला आहे.

आणखी एक. जुन्या कागदावर आईचा जिल्हा ‘धुळे’ असेल. घाबरू नका, ती चूक नाही. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याही मागे गेलात तर ‘पश्चिम खानदेश’ दिसेल, कारण १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले होते, आणि ती नावं १९६० पर्यंत चालली. कोणी हौशीने जुन्या गठ्ठ्यावरचं ‘प. खानदेश’ खोडून ‘नंदुरबार’ लिहिलं तर मला फार त्रास होतो. सूचीत दोन्ही नावं द्यावीत, कागदावर मात्र जे आहे ते राहू द्यावं.

मैत्रिणींच्या गुणांबद्दल माझं उत्तर नाही असं आहे. तो त्यांचा कागद आहे. त्या स्वतः मागतील तेव्हा त्यांना मिळेल. प्रेमाने विचारणाऱ्याला नाही म्हणणं या नोकरीत सगळ्यांत जड जातं, पण आज तुम्हाला मैत्रिणीचे गुण दिले तर उद्या कोणाला तरी तुमच्या आईचे द्यावे लागतील. त्याऐवजी कॉलेजचा १९८२ ते ८४ चा वार्षिकांक मागा. तो छापून सगळ्यांत वाटलेला आहे, त्यात गट फोटो असतात, मुलींच्या कविता असतात. आईला तो दाखवा. नावं ती सांगेल, तुम्ही लिहून घ्या आणि त्याची एक प्रत कॉलेजला द्या.

आजोबांची लोखंडी ट्रंक उघडली. १९३६ च्या फैजपूर काँग्रेस अधिवेशनाचा एक बिल्ला, १९४२ नंतरची पत्रं, कॉलेजात असतानाच्या वह्या निघाल्या. पत्रं लॅमिनेट करून घेऊ का? आणि एखाद्या संस्थेला द्यावीत का? — एक शेतकरी, यावल तालुका

भाऊ, लॅमिनेशन करू नका. सेलोटेपही नको. दोन्ही कागदाला जन्मभर चिकटतात आणि मागाहून सोडवता येत नाहीत. ट्रंक आतून कोरड्या फडक्याने पुसा, पत्रं ज्या पुडक्यात आहेत त्याच पुडक्यात राहू द्या आणि आधी जसं आहे तसं सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा. कोणतं पुडकं कोणत्यावर होतं तेही दिसू द्या. वर शिरपूरच्या मुलाला लिहिलं आहे ते वाचा, म्हणजे मी हे का म्हणते ते कळेल. बिल्ल्याला पॉलिश लावू नका. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं ते पहिलं अधिवेशन, ते तुमच्याच तालुक्यात भरलं, आणि तुमच्या आजोबांच्या छातीवर तो बिल्ला होता. त्यावरचा मळसुद्धा त्या वेळचा आहे.

द्यायचं असेल तर आपल्या मुलुखात जागा आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्याला वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. ज्या माणसाने गावोगाव फिरून लोकांच्या घरातली दप्तरं जमवली, त्याचा साठा धुळ्यात राहिला हे खानदेशचं भाग्य. आजोबांच्या कॉलेजच्या वह्या त्या कॉलेजलाही देता येतील. पण वह्या एकीकडे आणि पत्रं दुसरीकडे असं वाटू नका. ट्रंक एका माणसाची आहे.

कोणालाही द्या, दानपत्र लिहून घ्या. काय दिलं त्याची यादी, कोणाला पाहता येईल, एखादं पुडकं काही वर्षं बंद ठेवायचं असेल तर किती, आणि संस्थेला नको असेल तर परत तुम्हालाच द्यावं, हे चारही त्यात असू द्या. आणखी एक बारीक गोष्ट. आजोबांना आलेली पत्रं कागद म्हणून तुमची आहेत, पण त्यातला मजकूर छापायचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. दान द्यायला याने अडत नाही, पुस्तक काढायचं झालं तर विचारावं लागेल.

देण्याची घाई नाही. आधी एक पावसाळा ट्रंक तुमच्याच घरी राहू द्या आणि घरातल्या पोरांना ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवा.

आमच्या कॉलेजच्या मराठी विभागाने गावोगावच्या म्हाताऱ्या बायकांकडून अहिराणी ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या आहेत. शंभरेक फाइली आहेत. हे विद्यापीठाच्या अभिलेखागारात बसतं का, की हे फक्त लोकसाहित्य? — एक प्राध्यापिका, पारोळा

मॅडम, बसतं. तुमच्या विद्यार्थ्यांनी ते विभागाच्या कामातून गोळा केलं, म्हणजे ते विभागाचे अभिलेखच आहेत. जगभरची विद्यापीठं आता असं जपतात, कारण कचेरीच्या कागदात कचेरीचाच आवाज असतो. खडी फोडणारी बाई त्यात अंगठ्यापुरती येते.

जळगावच्या विद्यापीठाला जिचं नाव आहे तिला लिहिता येत नव्हतं. तिचा मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ऐकून लिहून घेतलं तेवढं १९५२ साली छापलं गेलं. जे कोणी लिहून घेतलं नाही ते तिच्याबरोबर १९५१ साली गेलं. किती गेलं, कोण सांगणार. दुसरीकडे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. बोलणारा कोण, लिहिणारा कोण, जागा कोणती, रविवार कोणता, हे सगळं त्याच्याबरोबर आलं. दोन्ही बोललेलेच शब्द, पण दुसऱ्याला बूड आहे.

तुमच्या शंभर फाइलींना बूड द्या. प्रत्येक फाइलीमागे एक पान हवं. गाणाऱ्या बाईचं नाव, माहेर आणि सासर दोन्ही गावं, कारण ओवी बहुतेक माहेरची असते. वय, केव्हा आणि कुठे गायली, कोणी रेकॉर्ड केली, ओवी कोणाकडून शिकली. बोली फक्त ‘अहिराणी’ लिहू नका, ती बाई आपल्या बोलण्याला काय म्हणते ते तिच्याच शब्दांत लिहा. रावेर-यावलकडची बाई लेवा बोलीत गाईल, ते वेगळं आहे. मग तिची संमती. सही किंवा अंगठा घ्या, पण त्याआधी रेकॉर्ड केलेलं तिला ऐकवा आणि हे कोण कोण ऐकेल ते समजेल असं सांगा. काही ओव्यांत सासूचं नाव असतं, दिराचं असतं. ती म्हणाली, ही एक राहू दे, तर ती बंद ठेवा. आणि तिच्या घरच्या मोबाइलवर तिची ओवी तिला द्या. हे आधी केलं नसेल तर विद्यार्थ्यांना परत पाठवा. मुलं कुरकुरतील, पाठवाच.

तुम्ही पत्रात लिहिलंय की काही बायका दोन ओव्या म्हणून थांबतात, पुढचं आठवत नाही म्हणतात. खुर्चीवर बसवून समोर मोबाइल धरला तर नाहीच आठवणार. ती ओवी हातात असते, खुंटा फिरायला लागला की वर येते. त्यांच्यासमोर जातं मांडा, मूठभर ज्वारी द्या आणि बाजूला होऊन बसा. गावात जातं मिळालं नाही तर माझ्या मायचं माझ्याकडे आहे, दोन माणसं आणि एक रिक्षा घेऊन अमळनेरला या. गेल्या वर्षीच टाकवून घेतलं आहे, दळतं चांगलं.